कणकेला ऊन लागतं

मे महिन्यातल्या एका दुपारी, शेंदूरजनाघाटातल्या आमच्या स्वयंपाकघरात, ब्रेड मशीनचं झाकण आतून वर उचललं गेलं. आत दालचिनी रोलची कणीक होती. फक्त मळण्या-फुगवण्याचा दीड तासाचा कार्यक्रम लावून मी कूलरसमोर आडवी झाले होते. पुस्तिकेप्रमाणे कणीक दुप्पट व्हायची होती. ती दुप्पट झाली, तिप्पट झाली, भांड्याच्या काठावरून उतरून खालच्या तापणाऱ्या कॉइलवर पसरली आणि घरभर शिळ्या ताडीसारखा आंबूस वास सुटला. मोठ्या आईने नाकाला पदर लावला, एक बोट कणकेत खुपसलं आणि निदान केलं, "ऊन लागलं वं तिले."

निदान अगदी बरोबर होतं. भाच्याने हे यंत्र जर्मनीहून आणलं होतं. ते ज्या घरांसाठी बनलं त्या घरांत स्वयंपाकघराचं तापमान १८-२० अंश असतं. तिथे यीस्ट घातलेली कणीक ओट्यावर ठेवली तर नुसती गारठून बसते, म्हणून तिला ऊब देणारी बंद पेटी लागते. ब्रेड मशीन म्हणजे एक भांडं, तळाशी फिरणारं पातं, भोवती तापणारी कॉइल आणि या सगळ्यांना वेळ वाटून देणारं घड्याळ. त्याला तापवता येतं, निववता येत नाही. वऱ्हाडात फेब्रुवारी संपला की ऊब फुकट मिळते आणि हवी त्याहून कितीतरी जास्त मिळते. तेव्हा इथे या यंत्राचा खरा उपयोग एकच, मळणं. बाकी सगळी लढाई उष्णतेशी आहे आणि ती आपणच लढायची.

मळण्याचा मामला मात्र साधा नाही. १९८५च्या सुमारास जपानमधल्या ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमध्ये, घरगुती पावयंत्रावर काम चालू होतं आणि पाव काही जमत नव्हता. वरून करपायचा, आत कच्चा राहायचा. यंत्राने मळलेल्या आणि कसलेल्या पाववाल्याने मळलेल्या कणकेचे क्ष-किरण फोटो काढून शेजारी शेजारी ठेवले, तरी उलगडा होईना. मग इकुको तानाका नावाच्या सॉफ्टवेअर करणाऱ्या बाईंनी वेगळाच मार्ग धरला. ओसाका इंटरनॅशनल हॉटेलचा पाव शहरात नावाजलेला होता. तिथल्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली त्या शिकायला राहिल्या. तो कणीक नुसती दाबत नव्हता, ओढता ओढता पिळत होता. ही हातची गोष्ट त्याने कधी शब्दांत सांगितली नव्हती, कदाचित त्याला सांगताही आली नसती. तानाकांनी ती अभियंत्यांना समजावली. भांड्याच्या आतल्या बाजूला उभे कंगोरे बसवले, पात्याची चाल बदलली आणि १९८७मध्ये ते यंत्र बाजारात आलं. पुढे इकुजिरो नोनाका या व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९१च्या आपल्या लेखात ही हकिगत सांगितली. न बोलता येणारं ज्ञान बोलतं कसं होतं, याचा दाखला म्हणून ती आता जगभर शिकवली जाते.

हे वाचलं तेव्हा मला पुरणपोळीची कणीक आठवली. मराठीत मळणं वेगळं आणि तिंबणं वेगळं. पोळ्यांची कणीक मळतात, पुरणपोळीची तिंबतात. पाण्याचा, तेलाचा हात लावत, आपटत, ओढत, ती तार धरेपर्यंत. (कुणाला बदडून काढलं की 'त्याची कणीक तिंबली' म्हणतात ते उगाच नाही.) नागपूरकडची लंबी रोटी किंवा खानदेशातले मांडे करणाऱ्या बायका सैल कणीक आपटून आपटून अशी लवचीक करतात की ती नुसत्या हातांवर, लाटण्याशिवाय, हातभर रुंद होते. त्या बायका आणि ओसाकाचा पाववाला एकाच गोष्टीमागे आहेत. गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि ओढाताण झाली की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं रबरी जाळं तयार होतं. एक ताणतं, दुसरं परत खेचतं. यीस्टने सोडलेला वायू या जाळ्यात अडकतो आणि कणीक फुगते. आपल्या ज्वारीत हे जाळंच नाही. म्हणून भाकर थापावी लागते आणि म्हणून ज्वारीचा दालचिनी रोल कधी होणार नाही.

मैदा घेताना पुडा उलटून पाहावा. १०० ग्रॅममागे प्रथिनं १० ते ११ ग्रॅम लिहिली असतील तर काम होतं. ८-९ असतील तर तो बिस्किटांना ठेवावा.

आता उष्णतेकडे. पाववाले एक हिशेब वापरतात. तो ठोकळ आहे, पण डोळे उघडणारा आहे. मळून झालेली कणीक २६ अंशांच्या आसपास असावी, हे त्यांचं लक्ष्य. या तापमानात तीन भागीदार असतात, खोली, पीठ आणि पाणी किंवा दूध. म्हणून २६ला तीनने गुणायचं, ७८ येतात. त्यातून खोलीचं आणि पिठाचं तापमान वजा करायचं. मळताना घर्षणानेही कणीक तापते. यंत्रात ते ८-१० अंश धरून चालावं, तेही वजा करायचं. उरेल तितक्या अंशांचं दूध घालायचं.

डिसेंबरातल्या सकाळी सातपुड्याकडून गार वारा येत असतो. तेव्हा आमची खोली १८, डब्यातला मैदाही १८. ७८मधून ३६ गेले, घर्षणाचे १० गेले, उरले ३२. म्हणजे कोमट दूध. पुस्तिकेतही हेच लिहिलेलं असतं. मे महिन्यातल्या दुपारी खोली ४०, मैदा ४०. ७८मधून ८० वजा केले की उणे २, घर्षण धरलं की उणे १२. म्हणजे माझ्या त्या दुपारच्या कणकेला उणे १२ अंशांचं दूध हवं होतं आणि मी पुस्तिकेवर विश्वास ठेवून त्यात कोमट दूध ओतलं होतं.

उपायही याच हिशेबात आहे. दुधाचं तापमान किती खाली नेणार? ते गोठेल. पण मैदा फ्रीजमध्ये ठेवता येतो. रात्रभर ठेवलेला मैदा ६ अंशांवर येतो. आता ७८मधून ४०, ६ आणि १० गेले की २२ उरतात, म्हणजे माठातल्या पाण्याहून किंचित गार. मैदा, दूध, लोणी सगळंच फ्रीजमधलं घेतलं तर कणीक २०-२१ला तयार होते आणि मग यंत्राच्या पोटात निवांत वर चढते. मळणं पहाटे पाचला उरकलं तर हिशेब आणखी सोपा. शिवाय मळण्याची पहिली २०-२५ मिनिटं झाली की यंत्र बंद करून कणीक बाहेर काढावी. फुगण्याचा पुढचा तास यंत्राचा नाही, आपल्या घराचा. भांड्यावर ओलं फडकं टाकून माठाशेजारी ठेवली तरी भागतं.

यीस्टही बेताने. हा एकपेशीय जीव २७ ते ३५ अंशांत सगळ्यात चपळ असतो, चाळिशीच्या पुढे दमतो आणि ५५-६०च्या आसपास मरतो. ऊन जास्त झालं की तो घाईघाईने साखर खातो, वायू आणि मद्यार्क भराभर सोडतो. पिठातल्या इतर जिवाणूंनाही जोर चढतो, आंबटपणा वाढतो आणि तिंबून तयार केलेलं जाळं सैल पडतं. तो ताडीचा वास याचाच. ४०० ग्रॅम मैद्याला हिवाळ्यात ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घालत असाल तर उन्हाळ्यात ३ पुरे. गोव्याच्या जुन्या पोदेरांनी, म्हणजे पाववाल्यांनी, विकतच्या यीस्टऐवजी माडाची सूर वापरून पाव फुगवला, तोही उष्ण, दमट किनाऱ्यावर. तिथे यंत्र नव्हतं, पण अंदाज पक्का होता.

आमच्या उन्हाळ्याची दुसरी तऱ्हा म्हणजे कोरडेपणा. पापड-कुरडया एका दिवसात वाळतात ती हवा रोलही वाळवते. सकाळी मऊ असलेला रोल संध्याकाळी रस्कच्या वाटेला लागतो. यावर पूर्व आशियातल्या पाववाल्यांची एक युक्ती आहे आणि ती आपल्याला शिकवायची गरज नाही. थोडं पीठ पाण्यात किंवा दुधात शिजवून घ्यायचं आणि गार करून कणकेत घालायचं. आपण मोदकांसाठी करतो ती उकडच. साधारण ६५ अंशांवर पिठातला स्टार्च फुगतो, स्वतःच्या कितीतरी पट पाणी धरतो आणि भाजल्यावरही ते सहज सोडत नाही. ४०० ग्रॅम मैद्यातला २० ग्रॅम बाजूला काढा, १०० मिलिलिटर दुधात गुठळी न होऊ देता मंद आचेवर हलवा, चमच्याची रेघ उमटायला लागली की उतरवा. ही उकड फ्रीजमध्ये गार करून मगच घालायची, नाहीतर वर मांडलेला सगळा हिशेब पाण्यात.

उरलेलं साहित्य असं. १६० मिलिलिटर दूध, ५० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम लोणी, एक सपाट चमचा मीठ. अंडं मी घालत नाही, घरात चालत नाही. बहुतेक यंत्रांत आधी द्रव, मग पीठ आणि सगळ्यात वर छोटा खळगा करून यीस्ट असा क्रम असतो. मीठ आणि यीस्ट एकमेकांपासून लांब. काही यंत्रांत क्रम बरोबर उलटा, तेव्हा हे एक पान पुस्तिकेतलंच मानावं. पाचेक मिनिटांनी झाकण उघडून पाहा, ते उघडल्याने काही बिघडत नाही. कणीक पुरणपोळीच्या कणकेहून जराशी घट्ट हवी. भिंतीला चिकटून राहिली तर चमचाभर मैदा, पात्याभोवती खडखडत फिरली तर चमचाभर दूध.

रोल गुंडाळण्याचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे वऱ्हाडाला कुणी काही सांगायचं नाही. आमचे रोडगे म्हणजे थरांचंच शास्त्र. जाडसर कणकेच्या पुऱ्या, प्रत्येकीला तेलाचा हात, एकीवर एक ठेवून केलेला गोळा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात तो भाजणं. शेतात मारुतीच्या नवसाला वांग्याच्या भाजीबरोबर खाल्लेला रोडगा फोडला की पदर सुटे होतात. यीस्ट नाही, सोडा नाही. तेलामुळे थर एकमेकांना धरत नाहीत आणि आतली वाफ त्यांना दूर ढकलते. दालचिनी रोलमध्ये लोण्याचं काम तेच. फरक इतकाच की इथे प्रत्येक थर स्वतःही फुगतो.

पण लोण्याची उन्हाळ्यात गोची होते. परदेशी कृतीत 'मऊ लोणी पसरवा' म्हणतात. आमच्याकडे लोणी मऊ या अवस्थेत थांबतच नाही, थेट वितळतं. वितळलेलं लोणी थरांतून वाहून तळाशी जमतं. साखरही ओल ओढून पाक होते आणि त्याच्या मागे जाते. भाजल्यावर रोल कोरडा आणि ताटलीत चिक्की. याला उत्तर चिरोट्यांत मिळालं. चिरोट्याच्या पोळीला आपण नुसतं तूप लावत नाही, तांदळाचं पीठ घालून फेसलेला साटा लावतो. पीठ तुपाला जागच्या जागी धरतं. तसंच इथे ६० ग्रॅम लोण्यात दोन चमचे तांदळाचं पीठ फेसा, त्यात १०० ग्रॅम गुळाची पूड आणि चार चमचे दालचिनी पूड मिसळा. हा साटा चाळिशीतही वाहत नाही आणि सुटणारा पाक पीठ पिऊन घेतं. परदेशी कृतीतली ब्राऊन शुगर म्हणजे काकवीचा अंश ठेवलेली साखर. आपल्याकडे गूळ असताना ती शोधत अमरावतीला जायचं कारण नाही. गूळ साखरेहून लवकर करपतो, एवढं लक्षात ठेवायचं.

दालचिनी कणकेत घालू नये, साट्यातच घालावी. तिला वास देणारं सिनॅमाल्डिहाइड हे द्रव्य बुरशीला मारक आहे आणि यीस्ट बुरशीच्याच कुळातलं. जास्त दालचिनी कणकेत मळली की ती फुगायला कुरकुरते.

शिवाय आपण जिला दालचिनी म्हणतो ती बहुधा दुसरीच असते. फारसीत 'दार' म्हणजे झाड, लाकूड. दारचिनी म्हणजे चिनी लाकूड. वाण्याकडे मिळणारी जाड, लाकडासारखी, एकाच सालीची वळकटी असते ती कॅसिया. खरी सिलोन दालचिनी कागदासारख्या पातळ सालींचे पदर एकात एक घालून केलेली असते, बोटांनी चुरडते. कोकणात तिची लागवड होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाचं वाण काढलं आहे. कॅसियाचा वास दणदणीत, पण तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते रोज जास्त पोटात गेलं तर यकृताला बरं नाही. युरोपीय संघाने रोजच्या गोड बेकरी पदार्थांत किलोमागे १५ मिलिग्रॅम आणि पारंपरिक, सणासुदीच्या पदार्थांत ५० मिलिग्रॅम अशी कुमारिनची मर्यादा घातली आहे. २०१३मध्ये डेन्मार्कात यावरून मोठी ओरड झाली, कारण तिथले दालचिनीचे रोल 'रोजचे' ठरत होते. महिन्यातून एकदा रोल करणाऱ्या घराने याची धास्ती घेऊ नये.

आमच्या घरातली धास्ती वेगळीच होती. पहिल्यांदा दालचिनी कुटली तेव्हा मोठी आई म्हणाली, "गोडाले मटनाचा वास येऊन राह्यला." खरंच आहे. वऱ्हाडात दालचिनी काळ्या मसाल्यातली, रश्श्यातली. गोडात आपली वेलची, जायफळ. तोडगा निघाला स्वीडनमधून. तिथे १९९९पासून दरवर्षी ४ ऑक्टोबरला दालचिनी रोलचा दिवस साजरा होतो आणि तिथल्या रोलच्या कणकेत चक्क वेलची असते. चमचाभर वेलची पूड कणकेत गेली तेव्हा वासाची तक्रार मिटली. शेजारच्या फिनलंडमध्ये याच्या भाऊबंदाला 'कोर्वापुस्ती' म्हणतात, म्हणजे कानफटात. कणीक तिंबणाऱ्या भाषेला हे नाव परकं वाटू नये.

कणीक ३० बाय ४० सेंटिमीटरची, अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जाड लाटायची. साटा पसरताना लांब बाजूची दोन बोटं रुंद पट्टी कोरडी सोडायची, ती शेवटी चिकटायला लागते. गुंडाळी करून सुरीऐवजी शिवणाचा दोरा खाली सरकवावा, वर फुली मारून ओढावा. सुरीने रोल चेपतो, दोऱ्याने गोल राहतो. नऊ-दहा रोल होतात. उन्हाळ्यात दुसऱ्यांदा फुगायला २० मिनिटं पुरतात, हिवाळ्यात तास लागतो. घड्याळ पाहू नये, बोट लावून पाहावं. खळी हळूहळू भरून आली तर वेळ झाली. लगेच उसळली तर अजून थांबा, भरलीच नाही तर उशीर झाला. मेमध्ये मी संध्याकाळी रोल कापून तसेच फ्रीजमध्ये टाकते आणि सकाळी भाजते. गारव्यात ते रात्रभर सावकाश फुगतात आणि चवही जास्त चढते.

मध्येच लाईन गेली तर? मळायला वीज थोडी लागते, घरचा इन्व्हर्टर ती सहज देतो. काही यंत्रं दहाएक मिनिटं आपला कार्यक्रम ध्यानात ठेवतात, त्यापुढे पहिल्यापासून. भाजण्यासाठी तर या यंत्रावर विसंबूच नये. त्याचं भांडं उभ्या पावासाठी आहे, रोलला पसरट ताटली लागते. ओव्हन असेल तर १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं. नसेल तर जुना कुकर. तळाला मीठ, वर जाळी, शिट्टी-रबर काढून दहा मिनिटं तापवायचा आणि मंद आचेवर अर्धा तास. वरून रंग कमी येतो, बाकी काही उणं नाही. लहानपणी दिवाळीआधी रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन आम्ही नानखटाई भाजून घ्यायला बेकरीत रांगेत बसायचो, पत्र्याच्या डब्यावर खडूने आडनाव लिहून. आजही ओळखीचा भट्टीवाला असेल तर त्याला एक ट्रे द्यायला हरकत नाही. त्याच्या भट्टीसारखी सगळीकडून सारखी आच घरच्या ओव्हनला येत नाही.

वरचा लेप मात्र मी हिवाळ्यासाठी राखून ठेवते, आंबिया बहराच्या संत्र्यांसाठी. आमचं गाव संत्र्याच्या कलमांचं. जंभेरीच्या रोपावर डोळा बांधणाऱ्या हातांचं. त्या संत्र्याची साल सैल आणि मऊ असल्यामुळे किसणीवर ती किसली न जाता फाटते. फळ अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलं की साल कडक होते आणि नुसता केशरी भाग किसता येतो. खालचा पांढरा थर कडू, तिथे थांबायचं. वास मुख्यतः त्या केशरी सालीच्या तेलग्रंथींत असतो, रसात जास्त करून आंबटगोडपणा. म्हणून पिठीसाखरेत चमचा-दोन चमचे रस आणि एका संत्र्याचा किस, एवढंच. रोल गरम असतानाच वरून ओतायचं.

डिसेंबरात खोली १८ अंशांवर असते. तेव्हा मी पुस्तिकेला सगळं मान्य करते. कोमट दूध, ५ ग्रॅम यीस्ट, पूर्ण दीड तास. यंत्र शांतपणे आपली ऊब देतं आणि कणीक सांगितल्या वेळी सांगितली तेवढी वर येते. गेल्या हिवाळ्यात हे पाहून मोठ्या आईने विचारलं, की रोडग्याची कणीक बी हे मळून देईन का? मी सांगितलं, नाही. ती कणीक एवढी घट्ट असते की पातं अडेल, मोटर जळेल. तिने संत्र्याचा लेप लागलेलं बोट चाटलं आणि गोवऱ्या वाळल्या की नाहीत ते पाहायला अंगणात गेली.